केंद्राची रेल्वे राज्याकडे: अलास्कात नेमकं कसं झालं?

घाटवाट:
कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. त्यावर बोलणं निघालं की कुणीतरी म्हणतंच, "उलट राज्यांनीच ती पूर्ण ताब्यात घ्यायची, अलास्काने घेतली की!" अलास्काची रेल्वे आधी अमेरिकेच्या केंद्र सरकारची होती आणि १९८५ मध्ये राज्याची झाली, एवढं माहीत आहे. पण किंमत कशी ठरली? जमीन, पेन्शन आणि सुरक्षेची तपासणी कुणाकडे गेली?

रूळजोड:
आधी क्रम सांगतो. १९१४ च्या कायद्याने केंद्राने ही रेल्वे बांधायला घेतली, १९२३ मध्ये ती पूर्ण झाली. सीवर्ड ते फेअरबँक्स सुमारे ७५६ कि.मी. १९६७ पासून ती फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन या केंद्राच्या रेल्वे संस्थेकडे होती. हस्तांतरणाच्या केंद्रीय कायद्यावर १४ जानेवारी १९८३ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली, १९८४ मध्ये राज्याने स्वतःचा कायदा करून अलास्का रेलरोड महामंडळ स्थापलं आणि ५ जानेवारी १९८५ ला ताबा मिळाला. म्हणजे कायदे दोन लागले, देणाऱ्याचा वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा.

किंमत २ कोटी २३ लाख डॉलर. आकडा ऐकून लोकांना वाटतं की रेल्वे फुकटातच दिली. तसं नाही. मूल्यांकन एका तिसऱ्या संस्थेने, युनायटेड स्टेट्स रेल्वे असोसिएशनने केलं, आणि घेणाऱ्यावर कायद्याने पडणारी सगळी बंधनं हिशेबात धरूनच बाजारभाव काढायचा असं कायद्यातच लिहिलं होतं. तेवढे रूळ आणि पूल नव्याने उभारायला किती लागतील, हा प्रश्नच नव्हता. बंधनं जितकी जास्त तितकी किंमत खाली. आपल्याकडे अशी चर्चा "मालमत्ता इतक्या हजार कोटींची" इथूनच सुरू होते आणि तिथेच अडते.

सुरक्षेचं उत्तर सोपं आहे. जी फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन १९८५ पर्यंत गाड्या चालवत होती आणि देशभरच्या रेल्वेंची तपासणीही करत होती, तिच्याकडे फक्त तपासणी उरली. रेल्वे राज्याची झाली, नियम केंद्राचेच राहिले. माझ्या मते या व्यवहारातली सर्वांत निरोगी गोष्ट हीच.

सातबारा_वाचक:
जमिनीबद्दल सविस्तर लिहितो, कारण खरा गुंता तिथेच आहे.

रेल्वेसोबत साधारण ३६ हजार एकर जमीन आली, पण सगळी एका दिवसात नाही. जिथे वाद नव्हता तिथली मालकी लगेच दिली. जिथे स्थानिक आदिवासी गावांच्या कंपन्यांचे किंवा इतरांचे दावे होते, तिथे आधी फक्त वापराचा परवाना, मग दाव्याचा निवाडा, मग तात्पुरतं हस्तांतरण, मग मोजणी आणि शेवटी अंतिम मालकीपत्र. ताबा १९८५ चा, पण काही तुकड्यांची पत्रं थेट २००६ मध्ये निघाली! डेनाली राष्ट्रीय उद्यानात तर मालकी केंद्रानेच ठेवली आणि रेल्वेला फक्त वहिवाटीचा हक्क दिला.

असा हक्क म्हणजे नेमकं काय, यावरूनच पुढे दुसरीकडे भांडण झालं. अँकरेजमध्ये रुळाला लागून एक वसाहत आहे, तिची छोटी विमानांची धावपट्टी रेल्वेच्या पट्ट्यात येते. रुळाच्या मध्यापासून दोन्हीकडे शंभर-शंभर फूट. तिथल्या जमिनी १९५० च्या सुमारास खासगी लोकांना देताना सरकारने रेल्वेसाठी हक्क राखून ठेवला होता. रहिवासी म्हणाले, हक्क फक्त गाडी जाण्यापुरता. महामंडळ म्हणालं, पट्टा संपूर्ण आमच्या वापराचा. फेडरल अपील न्यायालयाने महामंडळाचं म्हणणं मान्य केलं, पण तोवर हस्तांतरणाला जवळपास चाळीस वर्षं होत आली होती. देण्याआधी प्रत्येक तुकड्याचा मूळ हक्क तपासून त्याचा प्रकार कागदावर लिहिला असता, तर हे टळलं असतं.

आणखी एक, महामंडळाला जमीन भाड्याने देता येते, पण विकायची तर विधिमंडळाची मंजुरी लागते. ही अट चांगली आहे, कारण भाडं हा त्यांचा मोठा आधार आहे.

घाटवाट:
आणि पेन्शन? राज्य दरवर्षी पैसे देतं का?

रूळजोड:
केंद्राच्या पेन्शन योजनेत असलेले जुने कर्मचारी त्याच योजनेत राहिले, नव्यांसाठी महामंडळाने स्वतःची योजना केली. एकाच शेडमध्ये एकाच कामाचे दोन हिशेब बरीच वर्षं चालतात, ते आधीच धरून चालावं.

चालू खर्चासाठी राज्य पैसे देत नाही. सात जणांचं संचालक मंडळ गव्हर्नर नेमतात, पण खर्च स्वतःच्या कमाईतून. फेडरल अनुदानं आणि रोखे हे वेगळे मार्ग आहेत.

दुखणं इथे आहे. मालवाहतूक खडी, कोळसा आणि तेलावर अवलंबून. २०१४ मध्ये नॉर्थ पोल नावाच्या अलास्कातल्याच गावातला तेलशुद्धीकरण कारखाना बंद झाला, २०१६ मध्ये सीवर्डहून कोळशाची निर्यात थांबली. देशभर पसरलेली रेल्वे असा फटका दुसऱ्या मार्गाच्या कमाईवर सोसते. इथे दुसरा मार्गच नाही, बाकी अमेरिकेच्या रुळांशी जोडणीही नाही, डबे समुद्रातून बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नौकांवर येतात.

कोकण रेल्वेचंही दुखणं त्याच जातीचं. केंद्र ५१, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६ टक्के अशा भागीदारीने सुरुवात होती. दुहेरीकरणाला लागणारं भांडवल आणायचं कुठून, हा प्रश्न सुटेना म्हणून विलीनीकरण. शिवाय आपल्याकडे रेल्वे हा केंद्रसूचीतला २२ वा विषय. राज्याला मालकी देता येईल, पण कायदा करायचा अधिकार दिल्लीकडेच राहील. "अलास्कासारखं करा" म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, दुसऱ्या रुळाचे पैसे कोणत्या अर्थसंकल्पातून?