मदत हवी आहे : ब्लॉग वाचणाऱ्या आणि त्यात भाग घेणाऱ्यांना मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या मासळीवर ब्लॉग लिहिते, म्हणजे कुठल्या महिन्यात काय येतं, ताजं कसं ओळखायचं, कसं करायचं वगैरे. पुढच्या महिन्यात दहा वर्षं होतायत म्हणून नेहमीच्या लोकांना दादरला एकत्र बोलवायचं ठरवलंय, हॉल मिळालाय, जेवणाचं सांगून झालंय, निमंत्रण मात्र एका शब्दावर अडलंय. 'सर्व ______ना आग्रहाचं निमंत्रण'. त्या गाळलेल्या जागेत काय लिहू?

घरचे म्हणतात 'वाचक' लिही की. पण मला तो शब्द अपुरा वाटतो. सुरुवातीच्या दिवसांत मी सुक्या बोंबलांवर लिहिलं होतं, त्यात बोंबील दोरीवर वाळत घालतात असं एक वाक्य होतं. त्याखाली वेसाव्याच्या एका मावशींनी लिहिलं, अगो बाय, तो बांबूचा सांगाडा असतो, त्याला आम्ही वलांडी म्हणतो, आणि बोंबील नुसते टाकत नाहीत, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी टांगतात म्हणून ते वाऱ्याने पडत नाहीत. मग कुणी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, त्यांच्या घरी काय काय सुकं भरून ठेवायचे ते सांगितलं, कुणी आजीची चटणी दिली. आज तो लेख उघडलात तर माझं लिखाण जेमतेम पाव भाग असेल, खरा ऐवज खालीच आहे. त्या मावशींना नुसतं वाचक कसं म्हणू?

'फॉलोअर' नको, ही माणसं माझ्या मागून चालत नाहीत, बऱ्याचदा माझ्या चार पावलं पुढे असतात. 'प्रतिसादक' चालला असता पण मग जे कधीच काही लिहीत नाहीत ते बाहेर राहतात. सिटीलाईटच्या मासळी बाजारात एक बाई भेटल्या, म्हणाल्या तुमचं वाचून गाभोळी (माशाची अंडी) घ्यायला शिकले, सहा वर्षं वाचतेय. सहा वर्षांत एक अक्षर लिहिलेलं नाही त्यांनी. त्यांनाही बोलवायचंच आहे मला.

थोडं शोधलं तर दिसलं की सगळे शब्द लिखाणाचे नाहीतर लिहिणाऱ्याचे आहेत. इंग्रजीत १९९७ साली जॉर्न बार्गरने 'वेबलॉग' शब्द काढला, १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झने तो 'वी ब्लॉग' असा तोडला, त्यातून ब्लॉग आणि ब्लॉगर आले. आपल्याकडे कुणी अनुदिनी म्हणतं, कुणी रोजनिशीच्या चालीवर जालनिशी. वाचून त्यात भर घालणाऱ्याला कुठेच नाव नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि आपल्या भाषेला हे जमत नाही असं थोडंच आहे? गाणं मनापासून ऐकणाऱ्याला आपण कानसेन म्हणतो. कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहून ध्रुपद उचलून धरतात ते टाळकरी, त्यांना कुणी श्रोते म्हणत नाही, त्यांच्याशिवाय कीर्तन रंगतच नाही. मला हवा असलेला अर्थ टाळकरी या शब्दाच्या सगळ्यात जवळ जातो, पण मासळीच्या जेवणाच्या निमंत्रणावर टाळकरी कसं लिहिणार! मायबोली आणि मिसळपाव या मराठी संकेतस्थळांवरचे मायबोलीकर, मिपाकर असे शब्द किती सहज रुळले, पण ते त्या त्या जागेचे झाले, मला कुठल्याही ब्लॉगला चालेल असा हवाय. सावरकरांनी दिलेला 'महापौर' आज मुंबईत कुणाला नवा वाटत नाही, तेव्हा नवीन शब्द घडवलात तरी चालेल, फक्त उच्चारायला सोपा हवा, आमच्या मावशी फोनवर सहज म्हणू शकतील असा.

तुमच्या गावाकडे, घरात, एखाद्या मंडळात असा शब्द कानावर आला असेल तर प्लीज सांगा, अर्धवट सुचलेलाही चालेल. निमंत्रण छापायला रविवारी संध्याकाळी द्यायचंय.