मदत हवी आहे: काठमांडूला विमानाने जाताना पासपोर्टऐवजी कोणतं ओळखपत्र चालतं?

नमस्कार. आम्ही घरची मंडळी विमानाने काठमांडूला जायचं ठरवतोय. व्हिसा लागत नाही हे माहीत आहे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "आधार दाखवा की झालं." नियम वाचले तर तसं अजिबात नाही. पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांना. गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. म्हणजे आई (वय ६८) आणि मुलगी (१२) यांचा प्रश्न मिटला. नवऱ्याकडे पासपोर्ट आहे.

अडलंय ते दोन ठिकाणी. माझं मतदार कार्ड माहेरच्या नावाचं, फोटोही कॉलेजातला. आधार आणि पॅनवर मात्र सासरचं नाव आहे. तिकीट कोणत्या नावाने काढू?

दुसरा प्रश्न भाच्याचा, आणि खरी काळजी त्याचीच. पंधरा पूर्ण झालीत, दहावीत आहे. ना आधार चालणार, ना मतदार कार्ड असणार. कुटुंब एकत्र असेल तर एका मोठ्या माणसाची कागदपत्रं पुरतात असं वाचलं. त्यात भाचा धरतात का? त्याला एकट्याला विमानतळावरून परत पाठवलं तर पोराचं काय होईल, या विचाराने तिकिटं काढायचा धीर होत नाहीये. कुणी अलीकडे गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, तिकीट मतदार कार्डावर आहे त्याच नावाने काढा, अगदी स्पेलिंगसकट. आधी विमान कंपनीच्या काउंटरवर आणि मग इमिग्रेशनला, दोन्हीकडे तिकीट आणि कार्ड शेजारी धरून बघतात. विवाह नोंदणीचा दाखला जवळ असू द्या.

भाच्याला कुटुंबाची सवलत लागू नाही. तिथे कुटुंब म्हणजे नवरा-बायको, अज्ञान मुलं आणि आईवडील, एवढंच. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ओळख प्रमाणपत्र चालतं, पण ते ठरलेल्या नमुन्यातच हवं. ऑफिसात मागितलं की नेहमीचं बोनाफाईड हातात देतात, ते घेऊन येऊ नका. नमुना छापून न्या आणि त्यावरच सही-शिक्का घ्या.

वेळ असेल तर माझं ऐका, त्याचा पासपोर्टच काढा. अज्ञान मुलांचा साधारण पाच वर्षांचा असतो, पण पंधरा पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांचाही मिळतो. नेपाळमधून पुढे तिसऱ्या देशात जायचं असेल तर तो लागेलच.

आणि सगळ्यांची मूळ कागदपत्रं न्या, परततानाही तीच दाखवायची असतात. तिथे काही हरवलंच तर काठमांडूतला भारतीय दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण ते भारतात परत येण्यापुरतं, एकाच प्रवासासाठी असतं.