मदत हवी आहे: नवी बॅटरी असूनही शनिवारी गाडी सुरू होत नाही (ठाणे)

नमस्कार मंडळी,

घोडबंदर रोडला राहतो. गाडी २०१९ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. आठवडाभर लोकल, त्यामुळे गाडी फक्त शनिवार-रविवारी निघते, तीही बहुतेक वेळा नौपाड्यापर्यंत. रविवारी रात्री लावली की पुढच्या शनिवारी सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट-कट. डॅशबोर्डचे दिवे लागतात आणि मान टाकतात.

बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, मागच्या दिवाळीत नवी टाकलेली. दुकानात लोड टेस्ट करून ‘बॅटरी ओके’ असं सांगितलं. गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) गेला, बदलून टाका. मला पटेना म्हणून मल्टिमीटर आणला. शनिवारी सकाळी बॅटरीवर ११.७ व्होल्ट. जंपस्टार्ट (म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर सुरू) केल्यावर, इंजिन चालू असताना १४.२.

आता खरी गोची. आमच्याकडे तळघरात स्टॅक पार्किंग आहे. माझी गाडी खाली, वर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची. माझी हलली नाही तर त्यांची उतरत नाही. ते शनिवारी सकाळी पोहायला जातात आणि हल्ली मला बघून फक्त मान हलवतात. ढकलून बाहेर काढावी, तर पॅलेटवरच्या उंचवट्यात चाकं अडकतात. बोनेट भिंतीकडे, त्यामुळे केबल सहजासहजी पोचत नाही. टोइंगची गाडी उंचीमुळे तळघरात येत नाही.

तर दोष कोणाचा समजू? आणि त्या दिवशी सकाळी करायचं काय?

खाडीपलीकडचा:
अल्टरनेटर निर्दोष दिसतोय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५च्या आसपास मिळत असेल तर तो आपलं काम करतोय. (काही नव्या गाड्यांत स्मार्ट चार्जिंग असतं, तिथे आकडा खालीवर होतो, पण तुमचा १४.२ चांगलाच आहे.) भरलेली बॅटरी काही तास उभी राहिल्यावर १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.७ म्हणजे तळ गाठलाय. गाडी उभी असताना कोणीतरी करंट पितंय. नंतर काही बसवून घेतलंय का? डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर?

धागाकर्ता:
डॅशकॅम आहे. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात बसवला, वायर थेट फ्यूज बॉक्समध्ये. पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग) चालू असतो.

तारतम्य:
मग संशयित सापडला, पण मोजल्याशिवाय फाशी देऊ नका. मीटर १० अँपिअरच्या भोकात लावा. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये मीटर जोडा. दारं बंद, चावी गाडीपासून लांब, बोनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने खाली ढकलून ठेवा म्हणजे गाडीला बोनेट बंद आहे असं वाटेल. आता वीस-तीस मिनिटं थांबा. गाडीतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत, सुरुवातीचा आकडा बघून घाबरू नका. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

झोपलेली गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत घेते. त्याहून बरंच जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन उतरेल, तिथे चोर.

बाकी दुकानदाराची लोड टेस्टही खरी असू शकते. चांगल्या बॅटरीलाही रोज कोणी रिकामी केली तर ती काय करणार?

सोमवारची_लोकल:
एवढी डोकेफोड कशाला? रविवारी रात्री निगेटिव्ह काढून ठेवा, शनिवारी लावा. पाना दहा नंबरचा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल आणि सेंट्रल लॉक रिमोटने चालणार नाही, एवढंच.

नेरुळवाला:
सकाळच्या प्रश्नाबद्दल. आधी एक: गाडी रिव्हर्समध्ये लावा, बोनेट बाहेरच्या बाजूला येईल. स्टॅकमध्ये हे सगळ्यांनीच करावं. दुसरं, पॉवर बँकसारखा जंपस्टार्टर मिळतो, तो घेऊन घरी चार्ज करून ठेवा. गाडीत ठेवू नका, उन्हात लावलेली गाडी आतून भट्टी होते.

केबलने करायचं असेल तर क्रम: लाल आधी तुमच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीच्या मायनसला नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी लांब पडलेली बरी. काढताना उलट्या क्रमाने. आणि इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतलंय का बघा. असेल तर जंपस्टार्ट सहसा त्यात येतं, त्यांचा माणूस दुचाकीवर जंपस्टार्टर घेऊन तळघरात येऊ शकतो.

धागाकर्ता:
मोजलं. अर्ध्या तासाने २१० मिलिअँपिअर. डॅशकॅमचा फ्यूज काढला, २२वर आलं. तारतम्य, साष्टांग.

तारतम्य:
आता हिशोब बघा. ०.२१ गुणिले २४, म्हणजे दिवसाला ५ अँपिअर-अवर. रविवार रात्र ते शनिवार सकाळ २६-२७ गेले, ३५ पैकी. वर नौपाड्याची छोटी फेरी भरून काढते ती जेमतेम सेल्फने घेतलेली. पार्किंग मोड बंद करा किंवा वायरिंग किटमध्ये लो-व्होल्टेज कट-ऑफ (व्होल्ट ठरावीक आकड्याखाली गेले की कॅमेरा आपोआप बंद) असेल तर १२.४वर ठेवा. तळघरात सीसीटीव्ही असेलच.

दुसरं महत्त्वाचं: इतक्या वेळा तळ गाठलेली बॅटरी आतून थोडी खराब झालेली असते, प्लेट्सवर सल्फेट चढतं. अल्टरनेटरवर भरवसा न ठेवता बॅटरीवाल्याकडे रात्रभर स्लो चार्ज करून घ्या. काही तास तशीच ठेवून व्होल्ट मोजा. १२.४च्या वर टिकत नसेल तर वॉरंटी कार्ड काढा. मोफत बदलीचा काळ आणि त्यानंतरचा प्रो-रेटा काळ (वापरलेल्या काळाच्या हिशोबाने फक्त काही सूट) वेगळे असतात, तारखा नीट वाचून मगच दुकानात जा.

धागाकर्ता:
उद्या बॅटरी काढून देतो. काढताना निगेटिव्ह आधी ना?

खाडीपलीकडचा:
हो. लावताना पॉझिटिव्ह आधी. टर्मिनलवर पांढरी पावडर असेल तर गरम पाणी-सोड्याने धुऊन कोरडं करा, वर थोडं व्हॅसलीन. आणि काकांना आजच सांगून ठेवा की उद्या गाडी हलणार नाही.