'पीअर प्रेशर': दबाव की भीड?

घंटाळीकर
एका मराठी शाळेतल्या शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी टिपणं मराठीत करतेय. मुलांचे गट कसे जमतात आणि गटात शिरलेलं मूल वेगळं का वागायला लागतं, हा विषय. 'पीअर प्रेशर'ला पाठ्यपुस्तकात असतं तसं 'समवयस्कांचा दबाव' लिहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात लिहिलं, "दबाव टाकतंय कोण?"

तेव्हापासून अडकलेय. टिपणात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशचा १९५१ चा प्रयोग आहे. खोलीत काही जण बसलेले, पुठ्ठ्यावरच्या तीन रेघांपैकी कोणती नमुन्याच्या रेघेएवढी आहे ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. एक सोडून बाकी सगळे आधीच फितवलेले, मधूनमधून ठरवून चुकीची रेघ सांगणारे. उत्तर डोळ्यांसमोर असूनही चारातले तीन जण निदान एकदा तरी त्यांच्या मागे गेले. कोणी डोळे वटारले नव्हते की कोपर मारलं नव्हतं. मग दबाव कसा म्हणू?

पेन्शनर मास्तर
ताई, याला घरचा शब्द आहे की. भीड! 'भिडेखातर हो म्हणालो', 'त्याची भीड मोडवेना'. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण उगाच नाही पडली. दबाव टाकायला दुसरा लागतो. भीड आपली आपल्यालाच पडते, समोरच्याला पत्ताही नसतो. त्या प्रयोगात उत्तर गुपचूप कागदावर लिहायची मुभा दिली तेव्हा लोक पुष्कळ कमी बहकले, असं वाचल्याचं पक्कं आठवतं. म्हणजे भीडच ती, चारचौघांत बोलायची. 'सोबत्यांची भीड' लिहा.

ऐरोलीचा अभि
मास्तर, शब्द झकास आहे, पण आत्ताच लेकीला (सातवी, सेमी) विचारलं, भीड म्हणजे काय गं? "क्राउड, बाबा." हिंदीने पळवला तो शब्द, आता पोलिसात जाऊन उपयोग नाही. प्रेशरच ठेवा. कुकरचं चालतं, बीपीचं चालतं, मित्रांचंच का नको?

शब्दखोर
कुकरचं प्रेशर चालतं म्हणून भाषेच्या सगळ्या शिट्ट्या इंग्रजीत वाजवायच्या का? आणि टिपण शिक्षकांसाठी आहे, तुमच्या सातवीतल्या लेकीसाठी नाही.

मास्तरांशी सहमत. 'निर्भीड' शब्द बघा. निर्भय म्हणजे ज्याला भीती नाही तो. निर्भीड म्हणजे समोर कोण बसलंय याची मुर्वत न ठेवता बोलणारा. वाघाला न घाबरणारा माणूस मेव्हण्यापुढे भिडस्त असू शकतो. माझ्या मते भीड 'भिडणे'वरूनच आली. माणसं अंगाला अंग भिडेल इतकी जवळ आली की हिंदीत गर्दी झाली आणि मराठीत संकोच.

जुईनगरी
भिडणे वगैरे नाही हो, सरळ 'भिणे'. आमची आजी म्हणायची, "भ्यायलास की भीड पडते."

शब्दखोर
आजी हा संदर्भग्रंथ नव्हे.

जुईनगरी
आणि 'माझ्या मते' हा आहे?

घणसोलीची लेक
मला व्युत्पत्तीतलं कळत नाही, पण बाईंचा 'दबाव टाकतंय कोण' फार आवडला. आमच्या भावाची हळद होती. वडलांना डीजे नको होता, आईलाही नको, नवरदेवाला तर अजिबात नको. गावात कोणीही 'लावा' म्हटलं नाही. मांडव घालायला आलेल्या काकांनी फक्त विचारलं, "स्पीकर कुठं ठेवताय?" झालं. संध्याकाळी दोन टेम्पो भरून डीजे.

पण याला आम्ही भीड नाही म्हणत, 'गावाला काय वाटेल' म्हणतो. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्यावर इथे गाववाले आणि सेक्टरवाले असे दोन तट पडले. सेक्टरवाल्या मैत्रिणीच्या लग्नात रात्री दहाला हॉल रिकामा, उष्टी पत्रावळसुद्धा दिसेना. तिला वाटतं ते शिस्तीचे आणि आम्ही हौशी. मला वाटतं तिच्याही वडलांना कोणीतरी "हॉल किती वाजेपर्यंत आहे?" विचारलं असणार.

सातबेचाळीस
भीड, संकोच हे फार गोड शब्द झाले. दबाव असतो, फक्त आवाज न करता. आमचा ठाणे लोकलचा ग्रुप. दसऱ्याला डबा सजवतो, झेंडूच्या माळा, खिडकीला तोरण, पेढे. वर्गणी ऐच्छिक. एका सद्गृहस्थांनी 'ऐच्छिक'चा शब्दशः अर्थ घेतला. कोणी चकार शब्द काढला नाही. पण आमच्यात बसलेल्याने घाटकोपरला उठून उभ्या असलेल्याला जागा द्यायची पद्धत आहे, ती जागा त्यांच्यापर्यंत पोचेचना. महिन्याभरात ते पुढच्या डब्यात गेले. हा दबावच. किंवा सरळ वाळीत टाकणं म्हणा.

जाता जाता, याच ग्रुपमध्ये बँकेतले एक साहेब आहेत. शाखेत त्यांचा आवाज म्हणे कोणी ऐकलेला नाही. इथे दादर येईपर्यंत पत्र्यावर ठेका धरून गवळण म्हणतात. संगतीने माणूस बिघडतो तसा सुटतोही, त्याला कोणता शब्द?

पेन्शनर मास्तर
भीड चेपणे! बघा, तीच भीड.

वकीलकाका
वाळीत टाकण्यावरून आठवलं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. पण तो जात, धर्म, समाज यांच्या पंचायतींसाठी. लोकलचा ग्रुप त्यात बसत नाही, सातबेचाळीस निर्धास्त असा. बाकी कायद्याच्या मराठीत पाच जण गैर हेतूने जमले की 'बेकायदा जमाव', आणि आपण म्हणतो 'पाचामुखी परमेश्वर'.

शब्दखोर
वकीलकाका, दंडवत! फक्त वाळीत म्हणजे वाळवणासारखं उन्हात टाकणं नव्हे, हे कोणी विचारायच्या आत सांगतो. जुन्या मराठीत 'वाळणे' म्हणजे वगळणे.

घंटाळीकर
मंडळी, भीड बाईंना दाखवते. आता दुसरा गोल. मुझफ्फर शेरीफचा १९५४ चा प्रयोग, ओक्लाहोमातलं रॉबर्स केव्ह उद्यान, अकरा-बारा वर्षांची बावीस मुलं, त्यांचे दोन भाग. सुरुवातीला एकमेकांचा पत्ताच नाही. मुलांनी आपापली नावं ठेवली, रॅटलर्स आणि ईगल्स. मग रस्सीखेच, बेसबॉल, आणि एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल. मला आवडलेला तपशील असा की रॅटलर्सना शिव्या देण्यात मर्दुमकी वाटायची. ईगल्स एक सामना जिंकले, त्यांना वाटलं प्रार्थनेमुळे जिंकलो, आणि त्यांनी शिव्या बंद ठरवल्या. सारख्याच घरांतली मुलं, काही दिवसांत एकीकडे शिवराळ, एकीकडे सोवळी! मी लिहिलं, 'मुलांच्या दोन टोळ्या'. बाईंचा पुन्हा गोल.

ऐरोलीचा अभि
बाई बरोबर. टोळी दरोडेखोरांची असते. 'ग्रुप' लिहा. आणि रॅटलर्स म्हणजे 'खुळखुळे', हे माझ्यातर्फे फुकट.

पेन्शनर मास्तर
कोणी सांगितलं दरोडेखोरांचीच? मी मूळ बीडकडचा. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते जमले की टोळी, वर मुकादम. कष्टकरी माणसं ती. शहरातल्या वर्तमानपत्रांनी टोळीला बदनाम केलं.

जुईनगरी
टोळी 'टोळ'वरूनच असणार, आणि तसं असेल तर शब्द चपखल आहे. वाळवंटी टोळ एकटा असला की बुजरा, इतर टोळांना टाळणारा. दाटीवाटीत वाढला की रंग बदलतो, वागणं बदलतं, आणि थव्याने उडून पीक फस्त करतो. किडा तोच, फरक सोबतीचा. मास्तर, यात भीड कुठे आली?

शब्दखोर
टोळी-टोळ हे ध्वनिसाम्य आहे, पुरावा नाही.

सातबेचाळीस
'पथक' लिहा ना. गोविंदा पथक, ढोल पथक. ठाण्यातल्या शिक्षकांना लगेच कळेल.

वकीलकाका
अतिक्रमणविरोधी पथकही लगेच कळेल.

घणसोलीची लेक
आम्ही शाळेत 'गँग' म्हणायचो, त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ताई, मुलांनाच विचारा ना, ते स्वतःला काय म्हणतात ते.

शब्दखोर
मुलांना विचारलं तर 'स्क्वॉड' म्हणतील, मग अभि नाचतील. इतका सुंदर 'कंपू' असताना गँग कशाला? शिंद्यांच्या कवायती फौजेचे कंपू होते, द बॉयन आणि पेराँ या फिरंगी सेनानींच्या हाताखालचे. पोर्तुगीज 'कांपो', म्हणजे छावणी. छावणीतून पलटण आणि पलटणीतून आजचा साहित्यिकांचा कंपू.

ऐरोलीचा अभि
कंपू 'कंपनी'वरून आला. ईस्ट इंडिया.

शब्दखोर
छावणी!! कंपूसाठी वेगळा धागा काढतोय, तिथे या.

ऐरोलीचा अभि
काढा. पहिला प्रतिसाद माझा, कंपनी.

घंटाळीकर
आणि माझं टिपण?