१९७० नोव्हा, २५० सहा सिलिंडर: पॉवरग्लाइड काढून टीएच३५० बसवू की २००-४आर?

नोव्हा_ओहायो
गाडी १९७० ची शेव्हरोले नोव्हा. २५० क्युबिक इंचाचं सरळ सहा सिलिंडर इंजिन, एका बॅरलचा रोचेस्टर मोनोजेट कार्ब्युरेटर, मागे दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, लिव्हर स्टिअरिंग कॉलमवर. इंजिन ठणठणीत आहे, पण चढावर ३५-४० मैलांच्या वेगात गाडी कुठल्याच गिअरमध्ये रमत नाही. वापर बहुतेक गावातला, अधूनमधून इंटरस्टेट. व्ही८ बसवायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तीन गिअरचा टीएच३५० आणि चार गिअरचा २००-४आर या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सांपैकी कमी कापाकापीत काय बसेल? प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) जुनाच चालेल का?

सरळसहा
तुमचा त्रास आकड्यांतच दिसतो. सहा सिलिंडरच्या पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.८२ आणि दुसरा थेट १.००. डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलचं) गुणोत्तर ३.०८ आणि टायर साडेपंचवीस इंची धरा: ४० मैलांना पहिल्यात २९५० आरपीएम, दुसऱ्यात पडला की १६२०. मधे काहीच नाही. टीएच३५० चे गिअर २.५२, १.५२ आणि १.००, म्हणजे त्याच वेगाला दुसऱ्यात २४७० मिळतात. शिवाय सिग्नलवरून गाडी उचलते ती वेगळीच.

बसवायलाही हाच सोपा. या सहा सिलिंडर इंजिनाचं बेलहाऊसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं घंटेच्या आकाराचं कवच) शेव्हीच्या स्मॉल ब्लॉक व्ही८ सारखंच आहे. ६ इंची शेपटीचा (मागच्या टोकाच्या कवचाचा) टीएच३५० घ्या (९ आणि १२ इंचीही असतात, मोजूनच घ्या). त्याची एकूण लांबी २७ ११/१६ इंच, ॲल्युमिनियम पॉवरग्लाइडची २७ ९/१६. माउंट (गिअरबॉक्सचा आधार) दोघांचाही बेलहाऊसिंगपासून २० ३/८ इंचांवर. बाहेरचा शाफ्ट दोन्हीकडे २७ दात्यांचा. त्यामुळे क्रॉसमेंबर (माउंट टेकतो ती आडवी पट्टी), प्रॉपेलर शाफ्ट, योक (शाफ्टचं गिअरबॉक्सात सरकणारं टोक) सगळं जागच्या जागी राहतं.

भंगारवाल्याकडे बघताना बेलहाऊसिंगच्या वरच्या कडेला मधोमध खोलगट खाच दिसली तर तो ब्यूक-ओल्ड्समोबिल-पॉन्टिॲकचा आहे. स्वस्त मिळाला तरी सोडून द्या, तुमच्या इंजिनाला लागणार नाही.

चौथागिअर
२००-४आर ची बाजूही मांडतो. गिअर २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७. लांबी २७ ११/१६ च, योक तोच, बेलहाऊसिंगला शेव्ही आणि ब्यूक-ओल्ड्समोबिल-पॉन्टिॲक अशी दोन्ही प्रकारची भोकं. पण माउंट २७ इंचांवर, म्हणजे साडेसहा इंचांहून जास्त मागे. क्रॉसमेंबर नवा लागतो आणि हँडब्रेकची केबल त्याच्याजवळून जाते, ती घासणार नाही हे पाहावं लागतं.

आधी तुमचं डिफ (डिफरन्शियल) कितीचं आहे ते बघा. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना ठोकळे, मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. तीनच्या किंचित वर आले तर ३.०८, साडेतीन आले तर ३.५५. (लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन्ही चाकं जोडून ठेवणारं डिफ, नसेल तरच हा हिशेब लागतो.)

३.०८ वर ६५ मैलांना चौथ्यात इंजिन १७७० वर येतं. २५० चा टॉर्क खालीच असतो हे खरं, पण जरा चढ किंवा समोरून वारा आला की तो तिसऱ्यात उतरणार, पुन्हा चौथ्यात चढणार. ३.५५ असेल तर २०४० मिळतात, तेव्हा चौथ्याचा खरा उपयोग. म्हणजे डिफचा खर्चही या गिअरबॉक्सच्याच खात्यात धरा.

टीव्ही केबल (थ्रॉटल व्हॉल्व्हची, कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी) ही त्याची दुखरी नस. तिच्यावर फक्त शिफ्ट कधी पडायचं एवढंच ठरत नाही, आतला ऑइलचा दाबही तिच्यावरच चालतो. मोनोजेटच्या थ्रॉटल आर्मवर ती हवी त्या त्रिज्येवर बसत नाही, वेगळी ब्रॅकेट लागते. केबल ढिली राहिली तर शिफ्ट लवकर आणि लोण्यासारखं मऊ पडतं, चालवणारा खूश होतो, आणि आत क्लच जळत असतात. केबल न जोडता गल्लीत चक्कर मारायचीही नाही. लॉकअप कन्व्हर्टरला (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा, वेग आला की थेट जुळणारा भाग) १२ व्होल्टची वायर ब्रेक स्विच आणि चौथ्या गिअरच्या प्रेशर स्विचमधून न्यावी लागते. कन्व्हर्टरचे बोल्टही मेट्रिक आहेत.

नोव्हा_ओहायो
डिफ ३.०८ च निघालं. मग टीएच३५० च. जुनी फ्लेक्सप्लेट (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी दात्यांची चकती) चालेल का? मोनोजेटला किकडाउन केबल (पेडल पूर्ण दाबलं की खालचा गिअर घ्यायला लावणारी) कशी लावायची?

सरळसहा
गिअरबॉक्स वर चढवण्याआधी नवा कन्व्हर्टर जुन्या फ्लेक्सप्लेटला बाहेरच लावून बघा. बोल्टांचं वर्तुळ जुळलं तर तीच वापरा. बदलावी लागली तर दात तेवढेच घ्या. १५३ ची काढून १६८ ची घातली तर स्टार्टरही बदलावा लागतो.

सगळ्यात महागडी चूक इथे होते: कन्व्हर्टर पंपात पूर्ण न बसवता बेलहाऊसिंगचे बोल्ट आवळणं. कन्व्हर्टर फिरवत आत ढकला, टप्प्याटप्प्याने तो खाली बसल्याचं हाताला कळतं. बेलहाऊसिंग इंजिनाला हाताने टेकलं पाहिजे, बोल्टांनी ओढून नव्हे. ओढून आणलंत तर पहिल्याच स्टार्टला पंपाचा गिअर फुटतो. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरतो का बघा, फ्लेक्सप्लेटपासून १/८ ते ३/१६ इंच फट दिसली पाहिजे. मग बोल्ट लावा, ३५ फूट-पाउंड.

किकडाउन केबल नाही लावली तरी टीएच३५० ला इजा नाही, फक्त पेडल दाबून खालचा गिअर मिळणार नाही, लिव्हरने घ्यावा लागेल. व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून शिफ्ट ठरवणारा भाग) मात्र हवाच. त्याची नळी थेट इनटेक मॅनिफोल्डवरून, बहुतेक लांबी स्टीलची, दोन्ही टोकांना रबराचा छोटा तुकडा. सगळीच रबराची टाकली तर एक्झॉस्टजवळ मऊ पडून चिकटते आणि शिफ्ट उशिरा, धक्क्याने पडायला लागतात.

ऑइलपॅन
मॉड्युलेटरबद्दल आणखी एक. आतला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून ट्रान्समिशनचं ऑइल ओढतं. खाली थेंब नाही, तरी पातळी उतरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. नळी काढून आत बोट फिरवा, लाल ऑइल लागलं तर मॉड्युलेटर बदला. जुना गिअरबॉक्स घेतलात तर तो नवाच टाका.

तुमच्या कॉलमवर पार्क-आर-एन-हाय-फर्स्ट असं लिहिलंय का? असेल तर तो साधा पॉवरग्लाइड नाही, हाताने बदलायचा टॉर्क-ड्राइव्ह आहे. त्याला मॉड्युलेटरच नसतो, मग मॅनिफोल्डवर व्हॅक्यूमचं तोंड नव्याने काढावं लागेल.

लिंकेज जोडताना लिव्हर आणि गिअरबॉक्स दोन्ही न्यूट्रलला ठेवून रॉड आवळा, मग पार्कमध्ये गाडी ढकलून बघा. काटा D दाखवतो तिथे आत दुसरा गिअर असू शकतो, म्हणून काट्यावर विसंबू नका, गिअरबॉक्सच्या लिव्हरच्या खाचा (अडकण्याचे टप्पे) मोजा. स्टार्टर फक्त P आणि N मध्येच फिरला पाहिजे.

ऑइल डेक्सरॉन-३. कोरड्या गिअरबॉक्सला कन्व्हर्टर धरून १० क्वार्टांच्या आसपास लागतं, पण एकदम ओतू नका. चार क्वार्ट घालून इंजिन चालू करा आणि लगेच थोडं थोडं वाढवत जा. ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवा. शेवटची पातळी गाडी सपाट जागी, इंजिन चालू, ऑइल गरम, पार्कमध्ये. जास्त झालं तर फेस होतो आणि ब्रीदरमधून (हवा सुटायच्या भोकातून) बाहेर येतं, ते पाहून लोक सील गळतंय समजून गिअरबॉक्स पुन्हा उतरवतात.