दिवाळीच्या सकाळसाठी रात्रीच भिजवून ठेवायचं ब्रेडचं गोड

प्रश्न (वरुडजवळच्या खेड्यातून):
पाडव्याला सकाळी घरात 14 माणसं. सासूबाई गोठ्यात गाई ओवाळतात, मी एकटी गॅसपाशी. ब्रेड रात्रीच दुधात भिजवून सकाळी भाजायचा आहे. सणाला अंडं चालत नाही, ओव्हन नाही. मागच्या वर्षी कस्टर्ड पावडर कच्चीच कालवली. वर लगदा, खाली पाणी!

उत्तर 1:
ताई, कच्ची पावडर रात्रभरात तळाशी बसते. 1 लिटर दुधाला 4 मोठे चमचे घ्या, थोड्या थंड दुधात कालवा, उकळत्या दुधात घालून घट्ट होईपर्यंत ढवळा. शिळा ब्रेड तव्यावर कडक शेका, मगच थर लावा. वरून तूप सोडा. गूळ नको, साखरच. गरम दूध गुळाने फाटू शकते.

उत्तर 2:
कुकरची शिटी अन् रिंग काढा, तळाला मीठ, त्यावर स्टँड, स्टँडवर ब्रेडचं भांडं. मंद आचेवर पाऊण तास ठेवा जी. वरचा थर बोटाला चिकटला नाही म्हणजे झालं. रात्री लाइन जात असेल तर भिजवूच नका. ब्रेड शेकून डब्यात ठेवा.

प्रश्नकर्ती:
फ्रिज चालू असतो. बागेतली संत्री घालू का?

उत्तर 1:
भाजताना नको, दूध फाटेल. फोडी सोलून, बिया काढून, गार झाल्यावर वरून. आमच्या पोरांना तेवढाच भाग आधी हवा असतो.