नौदलाची जुनी दुर्बीण घेतोय, काय काय तपासू?

मंडळी, नमस्कार. थोडं मार्गदर्शन हवंय.

खडकीला राहणाऱ्या एका ओळखीच्या काकूंकडे नौदलाची जुनी दुर्बीण आहे. त्यांचे सासरे रॉयल इंडियन नेव्हीत होते. ते गेल्यापासून ती माळ्यावर चामड्याच्या पेटीत पडून आहे. काकू पंधरा हजार म्हणाल्या आणि वर "तू काय, घरचाच आहेस" हेही म्हणाल्या. म्हणजे घासाघीस संपली.

वरच्या पत्र्यावर कोरलंय: बार अँड स्ट्राउड, ७ एक्स, सी.एफ. ४१, खाली ए.पी. नं. १९००ए आणि शेजारी वर टोक असलेला बाण. काकूंच्या मते ही १९०० सालची आहे. मला ते पटत नाही.

अवस्था सांगतो. काळा रंग कडांना उडून पितळ दिसतंय. उजव्या नळीतून चित्र ठणठणीत. डावीकडून पाहिलं की सगळं दुधात बुडवल्यासारखं. डाव्या बाजूच्या मोठ्या भिंगाच्या कडेला, एका ठिकाणी, पाण्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे रंग आहेत. दोन्ही डोळ्यांनी पाच मिनिटं बघितलं की कपाळ दुखतं. बिजागरी मात्र घट्ट आहे, एक नळी धरली तर दुसरी लोंबत नाही.

पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्यांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, "आणा, रंग काढून पितळ चकाचक करून देतो." भिंगांबद्दल एक शब्द नाही.

घ्यावी का? घेतली तर आधी काय करावं? मला शोकेसमध्ये ठेवायची नाहीये. उजनीला पक्षी बघायला न्यायची आहे.

पर्वतीपायथा:
आधी सालाचं. ए.पी. म्हणजे अ‍ॅडमिरल्टी पॅटर्न. १९००ए हा ब्रिटिश नौदलाच्या भांडारातला नमुना क्रमांक आहे, त्याचा सालाशी संबंध नाही. बार अँड स्ट्राउड कंपनीचं सी.एफ. ४१ हे मॉडेल १९३० च्या दशकातलं, दुसऱ्या महायुद्धात भरपूर वापरलं गेलं. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण. रॉयल इंडियन नेव्ही हे नावच मुळात १९३४ साली आलं, तेव्हा काकूंच्या सासऱ्यांची गोष्ट जुळते.

दुसरं, ही खरीच वाटते. रूडकीकडे बनणाऱ्या चकचकीत पितळी 'रॉयल नेव्ही' दुर्बिणी बाजारात पैशाला पासरी आहेत. त्यांच्यावर बाण असतो, साल असतं, काय हवं ते असतं, फक्त आत प्रिझम नसतात. ज्याचा रंग उडालाय त्यावर माझा जास्त विश्वास. तो रंग काढू देऊ नका! रंग गेला की निम्मी किंमत गेली.

भिंगरी:
कपाळ दुखतंय म्हणजे कोलिमेशन गेलंय, दोन्ही नळ्या एकाच दिशेला बघत नाहीयेत. घरच्या घरी तपासा. स्वच्छ सकाळी गच्चीवरून सिंहगडावरच्या टॉवरकडे रोखा. मग दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर लांब न्या. दोन वेगळी वर्तुळं दिसतील. टॉवरचा शेंडा दोन्हीत एकाच उंचीवर हवा. एकात वर, एकात खाली असेल, तर मेंदू ओढून ताणून जुळवतो आणि डोकं दुखतं. डावी-उजवीकडचा फरक डोळे थोडाफार सांभाळून घेतात, वर-खालीचा नाही.

रात्री दुसरी चाचणी. एक नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) नीट फोकस करा, दुसरी मुद्दाम बिघडवा. कुठलाही ठळक तारा एकीकडून ठिपका आणि दुसरीकडून थाळी दिसेल. ठिपका थाळीच्या आत पडला तर फार बिघाड नाही, पार बाहेर गेला तर काम मोठं.

आणखी एक. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे बघा. प्रत्येक नेत्रिकेत एक उजळ गोल दिसेल, साधारण ७ मिलिमीटरचा, कारण मोठ्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर, भागिले ७ पट. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते, म्हणून रात्रीच्या पहाऱ्याला नौदलाने हाच आकार उचलला. गोलाची कड कापलेली असेल तर प्रिझम जागेवरून सरकलंय.

पर्वतीपायथा:
डाव्या नळीसाठी टॉर्च घ्या. मोठ्या भिंगातून उजेड आत सोडा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. पुण्याच्या पावसाळ्यात चामड्याच्या बंद पेटीइतकी तिची सोय दुसरीकडे कुठे होणार? बुरशी नुसती बसत नाही, तिचं आम्ल काचेवर कायमचा चरा सोडतं. सपाट, एकसारखा धुरकटपणा असेल तर बहुधा जुन्या ग्रीसची वाफ बसलीये, ती पुसून जाते.

कडेचे रंग हे वेगळं प्रकरण. मोठं भिंग दोन काचा कॅनडा बाल्सम नावाच्या डिंकाने चिकटवून करतात. तो डिंक सुटत चाललाय. कडेपुरतं असेल तर हात लावू नका.

जुनाबाजार_रविवार:
पंधरा हजार जास्त आहेत. एवढ्यात नवी वॉटरप्रूफ दुर्बीण येते आणि उजेडही जास्त देते. युद्धाच्या सुरुवातीच्या दुर्बिणींच्या काचांना कोटिंग, म्हणजे उजेड परत फिरू न देणारा पातळ थर, नसायचं. हवेला लागलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो, असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब भिंगात बघा. पांढरंशुभ्र दिसलं तर कोटिंग नाही, निळसर-जांभळं दिसलं तर आहे.

शिवाय ही जड असते. उजनीला बोटीत तासभर धरून बघा, मग बोलू.

भिंगरी:
हा माणूस प्रत्येक धाग्यावर 'नवी घ्या' म्हणतो. अहो, त्यांना हीच हवीये.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी टॉर्चने बघितलं. धागे नाहीत, एकसारखा धूर आहे. भिंगात ट्यूबलाइट जांभळट दिसते. टॉवर अजून बघायचाय, सध्या सिंहगड ढगात आहे.

टॉवरचा शेंडा वर-खाली निघाला, तर कोलिमेशनसह काम करणारं पुण्यात कुणी आहे का? दुरुस्तीवाल्याला आधी काय विचारावं, म्हणजे त्याला येतंय की नाही ते कळेल?

पर्वतीपायथा:
एवढंच विचारा, "जुळवल्यावर तपासता कशावर?" कोलिमेटर (दोन्ही नळ्या एका दिशेला आहेत का ते तपासायचं उपकरण) किंवा निदान पक्का बसवलेला स्टँड आणि लांबचं ठरलेलं लक्ष्य, असं काही सांगितलं तर द्या. "डोळ्याने बघून करतो" म्हणाला तर चहा पिऊन परत या. आणि काकूंना दहा सांगून बघा, दुरुस्तीचा खर्च दाखवून. घरचेच आहात ना!